भावाच्या नावावरच्या तबकड्या

कवळीताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. दातांच्या लॅबमध्ये तिची उभी हयात गेली होती आणि गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या तोंडात तिच्या हातचे दात होते, म्हणून गल्लीनं हे नाव तिला बहाल केलं. तिनंही ते मुकाट्यानं लावून घेतलं. डॉक्टरांकडून हिरड्यांचे ठसे यायचे. त्यात ती प्लास्टर ओतायची, मेणावर एकेक दात बसवायची, वाकडा वाटला तर काढून पुन्हा बसवायची आणि शेवटी कवळी घासूनपुसून अशी गुळगुळीत करायची की जिभेला ती परकी वाटू नये. कामाला चोख, बोलायला कमी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. अशा बाईच्या कपाटात काय असेल असं कुणी विचारलं असतं तर लोक म्हणाले असते, चादरी असतील.

चादरी होत्याच. पण चादरींच्या मागे, भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या, जुन्या उशांच्या अभ्र्यांत गुंडाळलेल्या तबकड्या होत्या. काळ्या, मोठ्या, गाण्याच्या तबकड्या. आणि गाणी तरी कसली? दूरदेशीची, परक्या भाषेतली. निम्मी सोल नावाच्या प्रकारातली, ज्यात माणसं काळीज पिळवटून गातात, आणि निम्मी हिप-हॉपची, ज्यात माणसं गातच नाहीत, ठेक्यावर तावातावानं बोलतात.

हे वेड तिला लागलं त्याला लॅबमधली मोटर कारणीभूत होती. लग्नाआधीची गोष्ट. कवळ्या घासायची छोटी मोटर बंद पडली आणि मालकानं तिला ती घेऊन शेजारच्या दुरुस्तीवाल्याकडे पाठवलं. हा माणूस रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करायचा, त्यांच्या सुया बदलायचा, म्हणून त्याला सगळे सुईवाला म्हणत. ती गेली तेव्हा त्यानं एक तबकडी लावलेली होती. कुणी बाई गात होती. ती कुणाची तरी माफी मागते आहे हे कळायला भाषा यायची गरज नव्हती. पण ऐकता ऐकता हिच्या लक्षात आलं की माफी मागणारीला वाईट मुळीच वाटत नाहीये. तिला फक्त दार उघडून हवं आहे. मोटर हातात घेऊन ही तशीच उभी. सुईवाल्यानं विचारलं, "काय झालं?" ही म्हणाली, "काही नाही. मोटर गरम होते." जाताना त्यानं ती तबकडी कागदात गुंडाळून मोटरीबरोबर तिच्या हातात दिली. कडेला टवका उडालेला होता, म्हणाला, विकली तर जाणार नाहीच.

तिथून सुरुवात झाली. पुढे एक जुना प्लेअरही त्याच्याकडूनच घरी आला. हिप-हॉप मात्र पुष्कळ नंतर, मुलगी शाळेत जायला लागल्यावर. सुईवाल्यानं एकदा नवीन काहीतरी लावलं. एक पोरगा भांडल्यासारखा बोलत होता. "हे बंद करा हो," असं ती म्हणणार, तेवढ्यात पाठीमागचा ठेका तिला ओळखीचा वाटला. तिच्या कपाटातल्या एका जुन्या सोलच्या तबकडीत दोन कडव्यांच्या मध्ये ड्रमचा एवढासा तुकडा होता. कुणीतरी तो नेमका कापून घेतला होता आणि पुन्हा पुन्हा जोडून त्याच्यावर हे नवीन घर बांधलं होतं. अनोळखी मुलाच्या चेहऱ्यावर आपल्या मावशीचं नाक दिसावं तसं तिला झालं. त्या दिवसापासून तिला हा नादच लागला. नव्यात जुनं कुठे लपलंय ते शोधायचं, दोन्ही तबकड्या मिळवायच्या आणि कपाटात शेजारी शेजारी उभ्या करायच्या. आजी आणि नात.

एवढं सगळं मनापासून करायची आणि तेवढीच त्याची लाज वाटायची. का, ते तिला धड सांगता आलं नसतं. काही गाण्यांत शिव्या होत्या. तिनं कोशात अर्थ पाहिले होते आणि कान लालबुंद झाले होते, तरी तबकडी फेकली नव्हती. पण खरं कारण ते नव्हतं. मुलगी लहान असताना एकदा शाळा लवकर सुटली आणि ती मैत्रिणीला घेऊन घरी आली. ही खुर्चीत, कानांवर हेडफोन, डोळे मिटलेले, मान आणि खांदे ठेक्यावर हलताहेत, ओठांतून काहीबाही शब्द निघताहेत. डोळे उघडले तर दारात दोन पोरी तोंडावर हात धरून हसत होत्या. अंगावर कपडे नसताना कुणी बघावं तशी ती त्या क्षणी मेल्याहून मेली झाली. पुढे कितीतरी दिवस ती मैत्रीण घरी आली की ही स्वयंपाकघरातून बाहेर यायची नाही. सुईवाल्याच्या दुकानात दुसरं गिऱ्हाईक असलं तर सांगायची, "भाच्यासाठी बघतेय." तिला भाचा नव्हता.

नवऱ्याला सगळं माहीत होतं. तो पाणीपुरवठ्याच्या कचेरीत होता, शांत गडी. तबकड्यांना तो "तुझ्या थाळ्या" म्हणायचा. नवी आणली की विचारायचा, "आज कुठली थाळी वाढून घेतलीस?" त्यात टोमणा नसायचा. तरी ती उत्तर न देता कपाट लावून घ्यायची.

मुलीचं लग्न ठरलं आणि होणारी विहीण मुलाला घेऊन घर बघायला आली. मोठी गप्पिष्ट, हौशी बाई. कुठेही बसली तरी ते घर स्वतःचं असल्यासारखी बसणारी. बोलताना हातवारे करण्याच्या नादात तिचा कप लवंडला, चहा सतरंजीवर. कवळीताई फडकं आणायला आत धावली. ती परत येते तो विहीणबाई स्वतःच उठून कपाट उघडून उभ्या. "तुम्ही कशाला धावपळ करता? एखादी जुनी चादर घेते मी," असं म्हणत त्यांनी चादर ओढली, आणि चादरीबरोबर अभ्रा सरकून एक तबकडी त्यांच्या हातात आली.

नेमकी तीच यायला हवी होती का? वेष्टनावर एक उघडा तगडा माणूस, गळ्यात साखळदंडासारख्या साखळ्या, हसताना पुढचा सोन्याचा दात दिसतोय. कवळीताई ती तबकडी जेव्हा जेव्हा बघायची तेव्हा तिला वाटायचं, दाताची ती टोपी नीट बसलेली नाही, हिरडीपाशी फट राहिलीय. त्या दिवशी मात्र तिच्या तोंडचं पाणी पळालं.

विहीणबाईंनी तबकडी उलटीसुलटी करून पाहिली. "अगंबाई. हे कुणाचं हो?"

नवरा तिच्याकडे बघत होता. मुलगीही बघत होती. जावई होऊ घातलेला मुलगा नम्रपणे हसत होता. "माझं," एवढा एक शब्द. तो काही तिला म्हणवला नाही.

"माझ्या दादाचं आहे," ती म्हणाली. "गेला तो. त्याच्या सगळ्या माझ्याकडे ठेवल्यात. आठवण म्हणून."

खोलीतली हवाच बदलली. विहीणबाईंचा चेहरा एकदम मऊ झाला. त्यांनी त्या उघड्या माणसाला दोन्ही हातांनी धरून हळूच जागच्या जागी ठेवलं, वर चादर सारखी केली. "जपून ठेवा हो," म्हणाल्या. "माणूस जातं, वस्तू राहतात." नवरा रिकाम्या कपात बघत बसला.

पाहुणे गेल्यावर मुलगी कप विसळत होती. तिनं मागे न वळता विचारलं, "आई, मामाचं नाव का घेतलंस?"

"मग काय सांगायचं?"

"तुझं आहे म्हणायचं."

"तुझ्या सासूला?"

मुलीनं विसळलेला कप पालथा घातला. मग म्हणाली, "मामा काही येऊन 'माझं नाही' असं सांगणार नाही, म्हणून ना?"

हे वाक्य कवळीताईला असं लागलं की ती बाहेर जाऊन कोरडी सतरंजीच पुन्हा पुसत बसली.

दादा तिचा थोरला भाऊ. लिफ्टची दुरुस्ती करायचा. मोठमोठ्या इमारतींच्या अंधाऱ्या खड्ड्यांत उतरून दोर, चाकं, ग्रीस यांच्यात दिवस काढायचा. भावाबहिणीत वैर नव्हतं, तशी जवळीकही नव्हती. भेटले की तब्येत विचारायची, हवा कशी आहे ते बोलायचं, संपलं. एके दिवशी कामावर असतानाच त्याच्या छातीत कळ आली आणि तो गेला. मूलबाळ नव्हतं. मागे एकटी वहिनी.

लग्नाच्या कापडखरेदीला विहीणबाईंची आणि वहिनींची गाठ पडली, आणि विहीणबाईंनी मोठ्या मायेनं सांगितलं की तुमच्या मिस्टरांची गाण्यांची आवड फार दांडगी होती म्हणे. त्यानंतरच्या सुट्टीच्या दुपारी वहिनी दारात हजर.

 वहिनी भांडायला आल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या चपला काढून, हातपाय धुऊन, कुणाच्या तरी आजारपणाला भेटायला आल्यासारख्या खुर्चीच्या काठावर बसल्या.

"वन्सं, यांच्या तबकड्या तुमच्याकडे आहेत म्हणे."

"वहिनी, त्या..."

"मला मागायच्या नाहीत. असू देत तुमच्याकडेच. एवढी वर्षं संसार केला, पण यांनी मला कधी सांगितलं नाही. मला हसू येईल असं वाटलं असेल." त्या थांबल्या. "एखादी ऐकवाल का?"

हीच ती वेळ होती. "वहिनी, मी खोटं बोलले," एवढंच म्हणायचं होतं. पण वहिनींचा चेहरा तिनं पाहिला. दादा गेल्यापासून त्या चेहऱ्यावर काही उमटलेलंच नव्हतं आणि आज त्यावर एवढीशी धुगधुगी होती. आपण दयेपोटी गप्प बसलो असं कवळीताई स्वतःला पुढे सांगायची. पण ते अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं असं की तिला तेव्हाही लाजच वाटत होती.

तिनं अभ्रे बाजूला केले, प्लेअर काढला. वहिनी पाठ ताठ ठेवून ऐकत होत्या. गाणं संपल्यावर त्यांनी विचारलं, "यातलं यांना सगळ्यात कुठलं आवडायचं?"

कवळीताईनं टवका उडालेली तबकडी लावली. तिची पहिली.

"दादा म्हणायचा," तिनं तोंड उघडलं, आणि तिला स्वतःचाच आवाज परका वाटला, "दादा म्हणायचा, ही बाई माफी मागतेय, पण तिला वाईट मुळीच वाटत नाहीये. तिला फक्त दार उघडून हवंय."

वहिनी एकदम हसल्या. दादा गेल्यानंतर पहिल्यांदाच. "असं म्हणायचे हे? यांना एवढं कळत होतं?"

मग वहिनी दर सुट्टीच्या दुपारी यायला लागल्या. येताना बिस्किटांचा पुडा आणायच्या. आणि कवळीताई बोलायला लागली. ज्या बाईनं जन्मभर या विषयावर कुणाजवळ चकार शब्द काढला नव्हता, ती आता दुपारभर बोलायची. सुई खाली टेकताना पहिली खरखर येते ती कशी कुणीतरी घसा साफ केल्यासारखी असते. ठेक्याचा तुकडा जुन्या गाण्यातून नव्यात कसा येतो. शिव्या देणाऱ्या पोराच्या आवाजात मध्येच आईचा विषय निघाला की काय होतं. जे जे तिनं एकटीनं हेरलं होतं ते सगळं. फक्त प्रत्येक वाक्याच्या आधी "दादा म्हणायचा" लावायची. दादाच्या तोंडून बोलताना तिला लाज वाटत नव्हती. त्या दुपारी तिच्या आयुष्यातल्या सगळ्यात सुखाच्या दुपारी होत्या. पुढे लाजेनं तिला जाळलं ते याच आठवणीनं जास्त. खोटं बोलावं लागलं हे एक वेळ गिळता आलं असतं. त्यात तिला गोडी लागली होती, ते घशाखाली उतरत नव्हतं.

वहिनीही त्या तबकड्यांमधून नवरा जुळवत होत्या. एकदा त्या म्हणाल्या, "हे जेवताना ताटाच्या कडेवर बोटं वाजवायचे. मी ओरडायची, ते ताट वाजवणं थांबवा म्हणून. म्हणजे ठेका धरायचे हो ते." आणि डोळे पुसले. कवळीताई बिस्किटांचा चुरा बोटानं गोळा करत राहिली.

नवऱ्यानं एकदाच विषय काढला. वहिनींना बसथांब्यापर्यंत सोडून आल्यावर तो म्हणाला, "जितका उशीर करशील तितकं जड जाईल." ती म्हणाली, "कळतंय मला." कळूनही तिनं पुढची दुपार तशीच घालवली, त्याच्या पुढचीही.

लग्न पार पडलं. पावसाळा संपता संपता दादाचा स्मृतिदिन आला, आणि वहिनींनी ठरवलं की चार माणसं बोलवायची आणि यांची गाणी लावायची. कवळीताईनं नाही म्हणायला पाहिजे होतं. नवरा टॅक्सीत प्लेअर मांडीवर घेऊन बसला आणि सबंध रस्ताभर बाहेर बघत राहिला.

वहिनींच्या घरात नातेवाईक, शेजारी, विहीणबाईसुद्धा. भिंतीवर दादाचा फोटो, ग्रीसनं काळी झालेली नखं त्यातही दिसत होती. वहिनींनी स्वतः सुई टेकवली. आता त्यांना सवय झाली होती. गाणं सुरू झालं आणि त्या सगळ्यांना सांगायला लागल्या, "हे म्हणायचे, ही बाई माफी मागतेय, पण तिला वाईट मुळीच वाटत नाहीये." लोक माना डोलवत होते.

कोपऱ्यात दादाचा जोडीदार बसला होता, त्याच्याबरोबर लिफ्टच्या खड्ड्यात उतरणारा. साधाभोळा माणूस. तो म्हणाला, "वहिनी, रागावू नका हं. पण हे आपल्याच गड्याबद्दल चाललंय ना? मी मोबाइलवर गाणं लावलं की अंगावर यायचा. म्हणायचा, बंद कर, दोराचा आवाज ऐकू येत नाही. गाणं म्हटलं की डोकं उठायचं त्याचं."

कुणीतरी हसलं. कुणीतरी खोकलं. वहिनींचा हात प्लेअरवरच राहिला. चेहरा उतरत चालला होता, पण त्यांनी तो सावरला आणि त्या वळल्या.

"कामावर तसं असेल. वन्सं, तुम्ही सांगा ना यांना."

सगळ्यांच्या नजरा कवळीताईवर. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणसं म्हणतात, ते तिला तेव्हा कळलं. समोर वहिनी होत्या. बाजूला विहीणबाई. वर दादाचा फोटो.

"ऐकायचा तो," ती म्हणाली. "माझ्याकडे आला की ऐकायचा."

जोडीदार लगेच ओशाळला. "असेल, असेल. मला काय माहीत? बहिणीला जास्त ठाऊक." बिचाऱ्यानं कान धरला. खरं बोलणारा माणूस खोटं बोलणारीची माफी मागत होता, आणि मागे ती दूरदेशीची बाई गातच होती.

माणसं पांगल्यावर स्वयंपाकघरात दोघीच उरल्या. वहिनी कप धूत होत्या, ही पुसत होती. एक कप पुसून झाला, दुसरा झाला. मग हातातलं फडकं तिनं खाली ठेवलं.

"वहिनी, त्या तबकड्या दादाच्या नाहीत. माझ्या आहेत."

वहिनींनी नळ बंद केला नाही. "म्हणजे?"

"सगळ्या. पहिल्यापासून. दादानं त्यातली एकही ऐकलेली नाही. विहीणबाईंसमोर मला लाज वाटली, म्हणून त्याचं नाव घेतलं. मग तुम्ही आलात."

"आणि ते... हे म्हणायचे ते?"

"मी म्हणायची. म्हणजे मनात."

पाणी वाहतच होतं. वहिनींनी धुतलेला कप पुन्हा धुतला. मग त्या बोलल्या, अगदी हळू, आणि त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं असं कवळीताईला पुन्हा वाटलं.

"मी यांच्यावर रुसले होते, वन्सं. गेलेल्या माणसावर. एवढी आवड बहिणीला सांगितली आणि मला नाही सांगितली म्हणून. रोज फोटोशी बोलायची, मनातल्या मनात. मग हळूहळू माफ केलं. म्हटलं, असतो एकेकाचा स्वभाव." त्यांनी हात पुसले. "यांनी काही केलंच नव्हतं आणि मी यांना माफ करत होते."

कवळीताईनं पुसलेले कप फळीवर एका ओळीत लावले.

"ते ताट वाजवणं," वहिनी म्हणाल्या. "कामानं बोटं बधिर व्हायची यांची. डॉक्टरांनीच सांगितलं होतं, बोटं हलवत राहा म्हणून. मला माहीत होतं ते. माहीत असून मी तो ठेका आहे असं मानलं. तुम्ही एवढं छान बोलायचात." त्यांनी नळ बंद केला. "तुमचा प्लेअर घेऊन जा आता."

वहिनींनी येणं थांबवलं. कवळीताईनं प्लेअर कपाटात ठेवला तो तिथेच राहिला. तबकड्यांकडे पाहवत नव्हतं. चादर काढतानाही ती मान दुसरीकडे करायची. लॅबमध्ये एका कवळीचे दात तिनं उलट्या क्रमानं बसवले. मालकानं ते तिच्यापुढे धरले तेव्हा तो हसला, पण तिच्या डोळ्यांत पाणी पाहून काही न बोलता निघून गेला.

मग एके दिवशी ती विहीणबाईंकडे गेली. सासूसमोर माहेरचा विषय निघाला की मुलगी गप्प गप्प असते हे तिनं पाहिलं होतं. रस्ताभर वाक्यं जुळवली, जिन्यात विसरली. बसल्या बसल्याच सांगून टाकलं, "त्या दिवशी तुम्ही पाहिलीत ती तबकडी माझी होती. दादाची नव्हे. मला ती गाणी आवडतात."

विहीणबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी क्षणभर आठवायचा प्रयत्न केला. "कुठली हो? हां, तो दात चमकवणारा? असू दे की. मला मेलीला वाटलं काय झालं, एवढ्या उन्हाचं आलात म्हणून." आणि त्या पुढची जुडी सोडायला लागल्या.

झालं. जिच्या भीतीनं एवढं रामायण घडलं तिला ती गोष्ट धड आठवतही नव्हती. कवळीताई हलकी होऊन घरी येईल असं वाटलं होतं. ती आली ती आणखी खजील होऊन. एवढ्याशासाठी आपण दादाला वापरलं. तेही त्याच्यासारख्या माणसाला, ज्यानं कधी कुणाला वापरलं नव्हतं.

तिथून निघताना मुलगी मात्र तिला सोडायला जिना उतरून आली आणि शेवटच्या पायरीवर तिचा हात धरून उभी राहिली. 

थंडी सरत असताना वहिनींचा निरोप आला, येऊन जा. कवळीताई गेली. वहिनींनी चहा टाकला, पण चेहरा मोकळा नव्हता.

"मला राग आहे अजून," त्यांनी आधीच सांगून टाकलं. "तो जाईल असं नाही. पण एक विचारायचंय. ती बाई माफी मागते पण तिला वाईट वाटत नाही, ते खरंच तुमचं?"

"हो."

"मग त्या सगळ्या दुपारी मी ज्यांच्याशी बोलत होते, ते तुम्हीच."

"हो, वहिनी."

"बऱ्या होतात तुम्ही," वहिनी कोरडेपणानं म्हणाल्या. मग कप पुढे सरकवला. "आता तुम्ही बसा आणि ऐका. तुमचा भाऊ कसा होता ते मी सांगते. तुम्हाला ठाऊक नाही."

आणि खरंच तिला ठाऊक नव्हतं. दिवसभर लोखंडाची घरघर आणि दोरांचं करकरणं ऐकून तो घरी यायचा, तेव्हा वहिनी पंखासुद्धा बंद करायच्या. तो खिडकीपाशी बसायचा. काही करायचा नाही, बोलायचा नाही. नुसती शांतता ऐकायचा. कुकरची शिट्टी नको म्हणून वहिनी उघड्या पातेल्यात भात शिजवायच्या. शेजारच्या बाळाचं रडणं मात्र त्याला चालायचं. ते बाळ गप्प झालं की तो विचारायचा, "का गं, काय झालं त्याला?" नवीन इमारतीत काम लागलं की तिथल्या सगळ्यात वरच्या मजल्यावरून काय दिसतं ते तो घरी येऊन सांगायचा, हळू आवाजात, आणि वहिनींना वाटायचं आपणही बघून आलो.

असा माणूस. आणि त्याच्या घरात, त्याच्या फोटोखाली, त्याच्या नावानं तिनं ड्रम वाजवले होते. कवळीताई मान खाली घालून ऐकत होती. तिला एकही प्रश्न सुचत नव्हता, कारण कुठलाही प्रश्न विचारला असता तरी तो आधीच कधीतरी विचारायला हवा होता. चहा निवला. वहिनी सांगत राहिल्या. मध्येच त्यांनी उठून पंखा बंद केला, सवयीनं, आणि पुन्हा येऊन बसल्या.

आता ती अधूनमधून वहिनींकडे जाते. तबकड्यांचा विषय तिथे निघत नाही. वहिनींनी पुन्हा कधी एकही ऐकली नाही, ऐकायची इच्छाही दाखवली नाही. घरी कवळीताई पुन्हा ऐकायला लागली आहे, जुन्यात नवं आणि नव्यात जुनं शोधायला लागली आहे. कुणी विचारलं तर सांगते की तिच्या आहेत. सांगताना कान अजूनही तापतात. नवरा कधीतरी शेजारी येऊन बसतो आणि ती टवका उडालेली तबकडी लावायला सांगतो. ती लावते. पण गाण्याबद्दल काही बोलायचं म्हटलं की "दादा म्हणायचा" एवढे दोन शब्द आधी जिभेवर येतात. ते गिळेपर्यंत गाणं पुढे निघून गेलेलं असतं.